हातमागाची पैठणी इन्स्टाग्रामवर: लाइक येतात, गिऱ्हाईक येत नाही

माग_येवला

नमस्कार मंडळी. येवल्यात घरचे चार हातमाग आहेत. चारही मागांवर मिळून महिन्याला पाच-सहा पैठण्या उतरतात. आजवर सगळा माल व्यापाऱ्याकडे जायचा, आता निम्मा तरी थेट गिऱ्हाइकाला विकायचा आहे. इन्स्टाग्रामवर वर्षभर खातं चालू आहे, ३२०० फॉलोअर आहेत. विणकामाच्या रीलला लाइक भरपूर पडतात, खाली "किंमत?" अशी विचारणाही होते, पण प्रत्यक्षात साडी क्वचितच जाते. गेलेल्यांपैकी दोन साड्या "रंग फोटोसारखा नाही" म्हणून परत आल्या. एक जांभळी होती, एक मोरपिशी. फोटो कारखान्यातच फोनवर काढतो.

विचारायचं हे की, फोटोत रंग खरा कसा आणायचा? बघणाऱ्यातून घेणारा कसा वेगळा काढायचा? आणि इन्स्टाग्रामशिवाय पिंटरेस्ट, यूट्यूब यांवर वेळ घालवावा का? माणूसबळ म्हणाल तर आम्ही दोघंच, तेही माग सांभाळून.

धूपछाव

आधी रंगाचं बोलू. परत आलेल्या साडीचं कुरिअर दोनदा जातं, घडी मोडते आणि ते गिऱ्हाईक पुन्हा येत नाही.

जांभळा आणि मोरपिशी हेच दोन रंग परत आले, यात नवल नाही. फोनचा कॅमेरा जांभळ्याला बऱ्याचदा निळ्याकडे ढकलतो. गडद मोरपिशी आणि राणी हे रेशमावरचे रंग इतके तेजस्वी असतात की नेहमीच्या पडद्याच्या रंगपट्ट्यात ते पुरते मावतच नाहीत. त्यात कारखान्यात एका बाजूने ट्यूबलाइट आणि दुसऱ्या बाजूने खिडकी असणार. दोन जातींचा उजेड एकत्र आला की पांढरं नेमकं कुठलं हे फोनला ठरवता येत नाही, मग साडीची एक बाजू निळसर येते आणि दुसरी पिवळट. नंतर ॲपमध्ये एक बाजू सुधारायला जावं तर दुसरी बिघडते.

म्हणून जागा ठरवा आणि बदलू नका. उत्तरेची खिडकी सर्वांत चांगली, कारण तिथे थेट ऊन येत नाही. दुसरी कुठली असेल तर तिच्यावर पातळ पांढरी मलमल किंवा धुतलेलं धोतर ताणून लावा. खोलीतले सगळे दिवे बंद. समोरची भिंत हिरवी-निळी असेल तर तिचा रंग साडीवर पडतो, तेव्हा त्या बाजूला पांढऱ्या थर्माकोलचा मोठा तुकडा उभा करा. सावलीची बाजूही त्यानेच उजळते.

फोटोच्या दुकानात ग्रे कार्ड मिळतं, ते घ्या. प्रत्येक साडीचा पहिला फोटो हे कार्ड साडीवर ठेवून काढा. फोनच्या प्रो मोडमध्ये व्हाइट बॅलन्सचा आकडा कार्ड पडद्यावर स्वच्छ राखाडी दिसेपर्यंत सरकवा. उत्तरेच्या सावलीच्या उजेडात तो साधारण ६००० ते ७००० केल्विनच्या दरम्यान बसतो. एकदा बसला की त्या साडीचे सगळे फोटो त्याच आकड्यावर काढा. प्रो मोड नसेल तर स्नॅपसीड ॲपमध्ये व्हाइट बॅलन्सला ड्रॉपर असतो, तो कार्डावर टेकवा. फिल्टर, "व्हिविड", ब्यूटी हे सगळं बंद. सॅच्युरेशन वाढवून फोटो देखणा होतो आणि साडी परत येते.

जरीचं गणित वेगळं आहे. फ्लॅश मारला की जरी पांढरी फटक होते आणि पदरावरचा मोर तिच्यात विरून जातो. उजेड समोरून नको, बाजूने साधारण ४५ अंशांत यायला हवा. एक्स्पोजर उणे ०.३ ते उणे ०.७ ठेवा. फोटो किंचित काळपट आला तर नंतर उजळवता येतो, पण जळलेली जरी कशानेच परत येत नाही.

एकधोटी पैठणीत ताणा (उभे धागे) एका रंगाचा आणि बाणा (आडवे धागे) दुसऱ्या रंगाचा असतो, म्हणून तिचा एकच "खरा" रंग असा नसतोच. तिचे दोन कोनांतून दोन फोटो द्या आणि दहा सेकंदांचा व्हिडिओ द्या, ज्यात हात घडी सावकाश उलगडतोय आणि रंग पलटतोय. मजकुरातही स्पष्ट लिहा, "ताणा जांभळा, बाणा लाल, उजेडाप्रमाणे वांगी किंवा डाळिंबी दिसते." तुमची परत आलेली जांभळी अशीच असेल तर निम्मा दोष न लिहिलेल्या ओळीचा होता.

बारीक विणीवर फोटोत कधी जाळीदार लाटा उमटतात. साडीत दोष नसतो, धाग्यांची ओळ आणि सेन्सरची ओळ एकमेकींवर आल्याने असं होतं. हातभर पुढे-मागे सरका किंवा कोन जरा बदला, जातात.

शेवटची तपासणी त्याच खिडकीत करा. साडीशेजारी दोन फोन धरा, एक स्वस्तातला आणि एक महागातला. रात्रीचा पिवळा मोड बंद हवा आणि उजळपणा मध्यम. महागड्या फोनच्या पडद्याला "व्हिविड" सेटिंग असेल तर तेही नेहमीच्यावर आणा, नाहीतर तुम्हाला गडद दिसेल आणि गिऱ्हाइकाला फिकट. दोन्ही पडद्यांवर साडीच्या जवळपास दिसलं की मगच फोटो चढवा.

दुकानदारी

वरचा प्रतिसाद छापून भिंतीवर लावा. आता विक्रीबद्दल.

महिन्याला पाच-सहा साड्या आणि त्यातल्या निम्म्या थेट, म्हणजे तुम्हाला महिन्याला तीन गिऱ्हाइकं हवीत. लाखभर लोकांनी रील पाहिली तरी विकायला साड्या तीनच आहेत. त्यामुळे किती लोकांनी पाहिलं या आकड्यामागे लागू नका. इन्साइट्समध्ये (इन्स्टाग्राम देतं त्या आकडेवारीत) बघायचं ते पोस्ट किती जणांनी सेव्ह केली, किती जणांनी दुसऱ्याला पाठवली आणि किती जण प्रोफाइलवर येऊन व्हॉट्सॲपच्या दुव्यापर्यंत गेले. लग्नाची साडी एकटी मुलगी ठरवत नाही. ती आईला पाठवते, आई मावशीला पाठवते. पाठवलेली पोस्ट ही घरातली चर्चा असते. लाइक म्हणजे जाता जाता केलेला नमस्कार.

किंमत लिहाच. "किंमत इनबॉक्समध्ये" पाहून गंभीर गिऱ्हाईक बहुतेक पुढे सरकतं आणि नुसत्या चौकशा करणाऱ्यांची रीघ लागते. पैठणीची किंमत ऐकून दचकणारा माणूस पोस्टवरच दचकू द्या, तुमचा अर्धा तास वाचेल. किंमत जास्त का, हेही तिथेच लिहा. किती दिवस मागावर होती, पदरात काय आहे, अंगावर बुट्टी किती, रेशीम कुठलं, जरी कुठली.

प्रत्येक साडीला नंबर द्या आणि तो चिठ्ठीवर लिहून एका फोटोत साडीवर ठेवा. पोस्टचा साचा ठरवून टाका. नंबर, काठ (नारळी, पंखी), पदर (मोर, मुनिया, असावली), रंग शब्दांत, लांबी आणि ब्लाउज पीस आहे की नाही, किंमत, शिल्लक आहे की मागणीवर विणायची, आणि मागणीवर असेल तर किती आठवडे. "पैठणी", "येवला" हे शब्द देवनागरीतही लिहा आणि रोमन लिपीतही, कारण शोधणारे बहुतेक रोमन अक्षरांत शोधतात. जुलै २०२५ पासून इन्स्टाग्रामच्या व्यावसायिक खात्यांच्या सार्वजनिक पोस्ट गूगलच्या शोधात येऊ शकतात, त्यामुळे या मजकुराला आता दुप्पट मोल आहे. हॅशटॅगांची माळ लावू नका, नेमके तीन-चार पुरेत.

फोटो उभे ठेवा, १०८०×१३५० पिक्सेल. एका पोस्टमध्ये वीस फोटो जातात, पण सहा-सातांत काम होतं. पूर्ण पदर, इंचपट्टी ठेवून काठ, अंगावरची बुट्टी जवळून, उलट बाजू, नेसलेल्या निऱ्या, बाहेरच्या उजेडात, शेवटी नंबराची चिठ्ठी. निऱ्यांचा फोटो लोक टाळतात आणि तिथेच चूक होते. घडीतली साडी अंगावर कशी पडेल हे गिऱ्हाइकाला घडीवरून कळत नाही.

पोस्टच्या मजकुरात दुवा टाकला तर तो दाबता येत नाही, म्हणून व्हॉट्सॲप बिझनेसचा दुवा प्रोफाइलवर द्या. दुव्यात आधीच "साडी नंबर ... बद्दल विचारायचं आहे" एवढं वाक्य भरून ठेवता येतं, म्हणजे समोरच्याला नुसता आकडा टाकायचा राहतो. व्हॉट्सॲपच्या कॅटलॉगमध्ये ५०० वस्तू बसतात आणि वस्तूमागे दहा फोटो. तुम्हाला पंचवीस-तीस वस्तू पुष्कळ झाल्या. गिऱ्हाइकांच्या चॅटला लेबलं लावा: "विचारणा", "फोटो पाठवले", "आगाऊ आली", "मागावर", "पाठवली". दोन माणसांच्या धंद्यात कोणाला काय सांगितलं हेच विसरायला होतं.

विकलेली साडी खोडू नका. "विकली, अशीच विणून मिळेल, अमुक आठवडे" असं लिहा. मागणीवरची अर्धी कामं विकलेल्या साडीवरूनच येतात.

विणकामाच्या रीलबद्दल एकच. त्या आवडणारे लोक जगभर असतात आणि त्यातले थोडेच पैठणी घेणारे असतात. रील काढत राहा, पण पहिल्या दोन सेकंदांत तयार पदर दाखवा, मग माग, आणि शेवटी साडीचा नंबर आणि किंमत. वीस-तीस सेकंद पुरे. पडद्यावर मराठीत ओळी लिहा, कारण बरेच जण आवाज बंद ठेवून बघतात. गाणं टाकायच्या भानगडीत पडू नका. बिझनेस खात्याला सिनेमाची गाणी वापरायची मोकळीक नसते आणि वापरलीत तर रीलचा आवाज बंद होऊ शकतो. धोट्याचा आणि फणीचा खटखटाट ठेवा, त्याहून चांगलं संगीत या रीलला मिळणार नाही.

सातासमुद्रापार

पिंटरेस्टबद्दल. इन्स्टाग्रामची पोस्ट दोन-तीन दिवसांत खाली जाते. पिंटरेस्टवरचा पिन (म्हणजे तिथली पोस्ट) शोधातून सापडतो, त्यामुळे तो महिनोन्‌महिने, कधी वर्षभरही माणसं आणत राहतो. तिथे लोक करमणुकीपेक्षा काहीतरी ठरवायला आलेले असतात, आणि लग्न हा तिथला मोठा विषय. अमेरिका, इंग्लंडमधल्या मराठी घरांत मुलीच्या लग्नाचा बोर्ड बनतो त्यात नऊवारी, मुंडावळ्या, पैठणी हे सगळं साठवलेलं असतं. पिनवरून थेट तुमच्या पानावर जाता येतं, ही मोठी सोय.

पिन उभा, १०००×१५०० पिक्सेल. शीर्षक १०० अक्षरांत आणि नेमकं हवं, जसं "जांभळी पैठणी, मोराचा पदर, नारळी काठ". बोर्ड प्रसंगानुसार करा. लग्नाची पैठणी, मंगळागौरीची, बारशाला आणि ओटीभरणाला द्यायची. "आमच्या साड्या" नावाचा बोर्ड कोणी शोधत नाही.

वेळेचं भान फार महत्त्वाचं. नवरात्राच्या नऊ रंगांच्या साड्या नवरात्रात टाकून उपयोग नाही, दोन-तीन महिने आधी टाका. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात, त्यांच्यासाठीचं पावसाळ्यातच वर जायला हवं. तुम्हाला तर हे अधिकच लागू आहे. मागणी आली तरी साडी मागावर चढवून उतरायला वेळ लागतो.

पिनवरची साडी विकली गेली तर दुवा मोडू देऊ नका, त्याच नमुन्याच्या पानाकडे वळवा. जुना पिन वर्षाने माणूस आणतो आणि समोर "पान सापडले नाही" दिसतं, हे सर्रास घडतं.

परदेशी पाठवताना एक गोष्ट आधीच लिहून द्या: आयातशुल्क कोण भरणार. अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलला असलेली माफी २९ ऑगस्ट २०२५ पासून थांबली आहे. दारात शुल्क मागितलं की गिऱ्हाईक पार्सल नाकारतं आणि साडी अडकून पडते. निर्यातीसाठी आयईसी (आयात-निर्यात) क्रमांकही काढावा लागेल.

काटकसर

पिंटरेस्टचं पटलं, पण माणसं दोनच आहेत हे विसरू नका. चार ठिकाणी रोज काहीतरी टाकायला गेलात तर माग थांबेल. पहिले तीन महिने फक्त इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप नीट करा. पिंटरेस्टला आठवड्यातून एक तास द्या, तेच फोटो २:३ मापात कापून दहा पिन चढवा. यूट्यूबला रोज हजेरी नको. "हातमागाची पैठणी कशी ओळखावी" यावर दहा मिनिटांचा एकच चांगला व्हिडिओ करा, तो पुढे वर्षानुवर्षं चौकशीला उत्तर म्हणून पाठवता येतो.

जाहिरातीबद्दल कोणी बोललं नाही. "बूस्ट" बटण दाबून उद्दिष्ट "प्रोफाइल भेटी" ठेवलंत तर इन्स्टाग्राम नुसती प्रोफाइल बघून जाणारी माणसंच शोधून आणतं, कारण तुम्ही त्याला तेच सांगितलं. मेटाच्या ॲड्स मॅनेजरमधून उद्दिष्ट "एंगेजमेंट" निवडा, त्यात मेसेजचा पर्याय ठेवा आणि जाहिरात थेट व्हॉट्सॲपवर उघडू द्या. ठिकाण मुंबई, पुणे, नाशिक एवढंच. दिवसाला ३०० रुपये, सात दिवस, दोन वेगळे फोटो: एक नुसत्या पदराचा, एक नेसलेल्या साडीचा. ज्यातून किंमत वाचूनही बोलणं पुढे गेलं तो ठेवा, दुसरा बंद. रोज सेटिंग बदलू नका, प्रत्येक मोठ्या बदलाला यंत्रणा पुन्हा नव्याने शिकायला लागते. आपोआप चांगली चाललेली पोस्टच जाहिरातीला घ्या. न चाललेल्या पोस्टवर पैसे लावून ती चालत नाही.

माग_येवला

सगळ्यांचे आभार, फोटोची जागा उद्याच बदलतो. आणखी दोन अडचणी. आमचे फोटो उचलून काही जण यंत्रमागाच्या "सेमी पैठणी"खाली लावतात, आणि गिऱ्हाईक आम्हालाच विचारतं की तीच साडी तिथे इतकी स्वस्त कशी. दुसरं, एका इन्फ्लुएन्सर ताईंनी साडी फुकट द्या, रील करते असं म्हटलं आहे. द्यावी का?

उलटी_बाजू

पहिल्याचं उत्तर तुमच्याच साडीत आहे. पदर उलटा करून दाखवा. हाताने गुंफलेल्या पदरात प्रत्येक रंगाची कांडी आपापल्या जागेतच फिरते आणि शेजारच्या धाग्याला अडकून मागे वळते. म्हणून मागे लोंबते धागे नसतात, मोर दोन्ही बाजूंनी जवळपास सारखाच दिसतो. यंत्रमागाच्या साडीत मागच्या बाजूला नक्षीचे धागे आडवे पळतात किंवा कापलेली टोकं दिसतात. प्रत्येक पोस्टमध्ये उलट बाजूचा फोटो ठेवलात की फोटो चोरणाऱ्याची पंचाईत होते. गिऱ्हाईक त्याच्याकडे पाठमोरा पदर मागतं आणि त्याला तो दाखवता येत नाही.

मात्र जे आहे तेच लिहा. पदर हाताने आणि अंगावरची बुट्टी जकार्डवर (मागाला जोडलेल्या, नक्षी उठवणाऱ्या यंत्रावर) असेल तर तसंच लिहा. जकार्डच्या बुट्टीमागे धागे दिसतातच. आधी सांगितलं नाही तर तुमची अस्सल साडीही खोटी ठरते. साडीतली जरी अस्सल सोन्या-चांदीची नसून टेस्टेड असेल तर टेस्टेड म्हणा. सिल्क मार्क, हँडलूम मार्क, जीआयची (भौगोलिक मानांकनाची) अधिकृत वापरकर्ता नोंदणी, यातलं जे तुमच्याकडे असेल त्याचं लेबल साडीवर असताना जवळून फोटो घ्या. नसेल तर आधी नोंदणीच्या मागे लागा. त्या शिक्क्यांची चित्रं जालावरून उचलून पोस्टवर चिकटवू नका.

फोटोवर नाव टाकायचं तर कोपऱ्यात नको, तिथून ते कापलं जातं. पदराच्या मध्यावर फिकट, पण नक्षी झाकणार नाही असं टाका. मूळ फाइल जपून ठेवा. नंबराची चिठ्ठी, तारीख आणि मूळ फाइल एवढं असलं की इन्स्टाग्रामच्या कॉपीराइट तक्रारीच्या फॉर्ममध्ये दाखवायला पुरावा तयार असतो. फोटो तुम्ही काढलाय म्हणजे हक्क तुमचा. तक्रार करताना पानाचा दुवा नको, नेमक्या पोस्टचा दुवा द्या, नाहीतर ती अडून राहते.

इन्फ्लुएन्सरबद्दल: आधी त्यांच्या पोस्टखालच्या प्रतिक्रिया वाचा. नुसते हृदयाचे इमोजी असतील तर सोडा. "कुठून घेतली, काय किंमत" असं विचारणाऱ्या बायका असतील तर पुढे बोला. साडी देऊन टाकण्याऐवजी शूटसाठी दोन दिवस द्या आणि परत घ्या, किंवा तेवढ्या रकमेची ठरलेली फी द्या. काय मिळणार ते लिहून घ्या: किती रील, किती स्टोरी, तुमच्या खात्याशी जोडलेली पोस्ट, आणि तो व्हिडिओ तुम्हाला जाहिरातीत वापरण्याची परवानगी. ही परवानगी सर्वांत किमती आणि लोक तीच मागायला विसरतात. साडी फुकट दिली असेल किंवा पैसे दिले असतील तर ती जाहिरात आहे हे त्यांनी पोस्टवर स्पष्ट लिहिणं बंधनकारक आहे. त्या नाही म्हणाल्या तर तुम्हीही नाही म्हणा.

दुकानदारी

थेट विक्री वाढली की फसवणारेही येतील, म्हणून हे जोडतो. पैसे आल्याचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत, बँकेच्या खात्यात दिसल्याशिवाय साडी बांधू नका. पैसे घेण्यासाठी क्यूआर स्कॅन करा किंवा पिन टाका असं कोणी सांगितलं तर तिथेच थांबा, यूपीआयमध्ये पैसे घ्यायला पिन लागत नाही. मागणीवरच्या साडीला ताणा लावायच्या आधी निम्मी रक्कम घ्या आणि रंग-पदर लिहून, होकार लेखी घ्या. पाठवताना नंबर, उलट बाजू आणि वजन दिसेल असा पॅकिंगचा सलग व्हिडिओ काढा, पार्सलचा विमा उतरवा आणि गिऱ्हाइकालाही उघडतानाचा व्हिडिओ काढायला आधीच सांगा.

इन्स्टाग्रामला दुपदरी सुरक्षा (टू-फॅक्टर) आजच लावा. "तुमच्या पोस्टवर कॉपीराइट तक्रार आहे, चोवीस तासांत इथे लॉगिन करा" असे मेसेज येतात, ते खातं पळवणाऱ्यांचे असतात. आणि साडी घेतलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाचं नाव, नंबर, कुठली साडी, कुठला प्रसंग हे वहीत उतरवा. उद्या खातं गेलं तरी वही तुमच्याकडे राहील. थोरल्या मुलीच्या लग्नाला साडी नेलेलं घर धाकटीच्या वेळी कोणाकडे जाईल, ते त्या वहीतून तुम्हीच आधी फोन करून ठरवायचं आहे.